इयत्तेबाहेरचा एक तास

२००८ च्या जूनमध्ये बिहारमधल्या सरकारी शिक्षकांनी महिनाभर उन्हाळी वर्ग घेतले. समोर तिसरी ते पाचवीची मुलं होती. बरीचशी अशी, की पाठ्यपुस्तक उघडून दिलं तर पहिल्याच ओळीला अडखळावीत. महिना संपला तेव्हा त्यांचं वाचन आणि गणित मोजून दाखवता येईल इतकं पुढे गेलं होतं. मग शाळा सुरू झाल्या. पश्चिम चंपारणमधल्या काही शाळांना तेच साहित्य दिलं, काहींना साहित्याबरोबर शिक्षकांचं प्रशिक्षणही दिलं. दोन वर्षांनी संशोधकांनी मुलांना पुन्हा वाचायला बसवलं, तेव्हा या शाळांतली मुलं आणि काहीच न मिळालेल्या शाळांतली मुलं यांच्यात फरक सापडला नाही. गावातले स्वयंसेवक शाळेच्या वेळेबाहेर मुलांना शिकवत होते, तेवढ्या ठिकाणी मात्र वाचन सुधारलेलं दिसलं.

सरकारी शिक्षकांना जूनमध्ये जे जमलं ते जुलैनंतर का जमलं नाही? गेल्या तीस वर्षांत आपल्याकडे अध्यापनावर जे संशोधन झालं, त्यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रश्न हाच आहे. या वर्गांमागची कल्पना एका वाक्यात सांगता येते: मूल कोणत्या इयत्तेत आहे ते तासभर बाजूला ठेवा, त्याला आज काय येतं ते पाहा आणि तिथून पुढे शिकवा. इतकी साधी गोष्ट शाळेत टिकवणं इतकं अवघड का व्हावं, हे समजून घ्यायचं तर इयत्ता नावाची व्यवस्था आपल्या शाळेत कधी शिरली, इथपर्यंत मागे जावं लागतं.

पंतोजीच्या शाळेत इयत्ता नव्हती. देवळाच्या ओवरीत किंवा एखाद्या वाड्याच्या पडवीत बसलेल्या त्या शाळेत कुणी धुळपाटीवर मुळाक्षरं गिरवत असे, कुणी बाराखडीवर, कुणी पावकी-निमकी घोकत असे, तर कुणी मोडी पत्रांच्या वाचनापर्यंत पोचलेला असे. मूल शाळेत येई ते कोणत्याही महिन्यात, आणि पुढे जाई ते आधीचं आलं की. पुढची मुलं मागच्यांना शिकवत. या शाळेचं कौतुक करताना जीभ अडखळते, कारण ती मुख्यतः वरच्या जातींतल्या मुलग्यांची होती, तिथे छडी चाले आणि पाठांतराला पर्याय नसे. मुली आणि ज्यांना गावाने दूर ठेवलं ती मुलं तिच्या उंबऱ्यापर्यंतही पोचत नव्हती. तरी जिला आज संशोधक स्तरानुसार अध्यापन म्हणतात ती गोष्ट त्या शाळेची रोजची वहिवाट होती, एवढं मान्य करायला हवं.

ही वहिवाट एका परक्या माणसाने पाहिली आणि इंग्लंडला नेली. अँड्र्यू बेल हा स्कॉटिश धर्मगुरू मद्रासमध्ये एग्मोर इथल्या लष्करी अनाथालयाच्या शाळेचा प्रमुख झाला, १७८९ मध्ये. फिरताना त्याने मलबारी मुलांची एक शाळा पाहिली. मुलं वाळूत बोटाने अक्षरं काढत होती. त्याने आपल्या शिक्षकांना तसं करायला सांगितलं, त्यांनी ते मनावर घेतलं नाही. तेव्हा बेलने आठ वर्षांच्या जॉन फ्रिस्केन या विद्यार्थ्याकडेच मुळाक्षरांचा वर्ग सोपवला. पोराला ते जमलं. १७९७ मध्ये बेलने लंडनमध्ये या प्रयोगाचा वृत्तांत छापला. त्याच सुमारास लंडनच्या बरो रोडवर जोसेफ लँकेस्टर गरीब मुलांची शाळा चालवत होता. त्याने मॉनिटरांची, म्हणजे पुढच्या मुलांनी मागच्यांना शिकवण्याची, पद्धत शेकडो मुलांच्या एकाच दालनापर्यंत वाढवली. त्याच्या शाळेतला एक बारकावा मला महत्त्वाचा वाटतो: वाचनाचे गट वेगळे आणि गणिताचे वेगळे. वाचनात वरच्या गटात असलेला मुलगा गणिताला खालच्या गटात जाऊन बसे, त्यात कुणाला वावगं वाटत नसे. ही पद्धत फिरून आपल्याकडेही आली. एल्फिन्स्टनच्या काळात मुंबईच्या नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीने आपल्या मराठी शाळांसाठी लँकेस्टरचीच रीत स्वीकारली.

पण लँकेस्टरचं आकर्षण सरकारांना होतं ते स्वस्ताईमुळे. एका शिक्षकाच्या पगारात शेकडो मुलं शिकतात हे पाहून पैसे देणारे खूश होते. पुढे सरकारी पैसा वाढला, तसा हिशेब मागितला जाऊ लागला.

१८६२ मध्ये इंग्लंडमध्ये रॉबर्ट लोव याची सुधारित संहिता लागू झाली. तिने वाचन, लेखन आणि अंकगणित यांच्या सहा पायऱ्या ठरवल्या आणि प्रत्येक पायरीवर मुलाला नेमकं काय आलं पाहिजे ते लिहून काढलं. वर्षातून एकदा निरीक्षक येणार, एकेका मुलाची परीक्षा घेणार आणि नापास विषयामागे शाळेच्या अनुदानातून २ शिलिंग ८ पेन्स कापणार. निकालावर अनुदान हे तत्त्व मुंबई इलाख्यातही १८६० च्या दशकातच आलं. मॅथ्यू अर्नोल्ड हा कवी स्वतः शाळा-निरीक्षक होता आणि या पद्धतीचा कडवा टीकाकार. मुलं पुस्तक पाठ करून म्हणतात, वाचत नाहीत, ही त्याची तक्रार आजच्या एखाद्या केंद्रप्रमुखाच्या तोंडीही शोभेल. इंग्लंडने ही पद्धत शतक संपता संपता सोडून दिली. तिने पाडलेल्या पायऱ्या मात्र गेल्या नाहीत. वय, वर्ष आणि पुस्तक यांची एकमेकांशी गाठ बसली: अमुक वयाचं मूल, अमुक इयत्ता, अमुक पुस्तक, मार्चपर्यंत संपलंच पाहिजे.

आपल्या मुलखात ही गाठ मारायला दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे डेप्युटी इन्स्पेक्टर, येत. मराठी आत्मचरित्रांतून दिपोटींच्या तपासणीची जी वर्णनं येतात, त्यांत शाळा सारवली जाते, हुशार मुलं पुढे बसवली जातात आणि मास्तरांचा घसा कोरडा पडतो. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा फुले यांनी याच तपासणीवर बोट ठेवलं. वर्षातून एकदा दिपोटी येऊन गेल्याने शाळेचं काही भलं होत नाही, किमान तिमाही तपासणी हवी, शिवाय आगाऊ वर्दी न देताही यायला हवं, असं त्यांनी लिहिलं. त्याच निवेदनात प्राथमिक शिक्षकाला किमान १२ रुपये पगार हवा, त्याला गावाच्या हिशेबतपासनीसासारखी कामं देऊन गावात त्याचं वजन वाढवावं, अशा सूचना आहेत. खेड्यातल्या मुलाला मोडी आणि बालबोध वाचता-लिहिता यावं, हिशेब यावा, शेती आणि आरोग्याची माहिती असावी, हा त्यांनी सुचवलेला अभ्यासक्रमही तिथेच सापडतो. शाळेवर देखरेख करणाऱ्याचं काम काय असावं, यावर मराठी माणसाने इतक्या नेमकेपणाने लिहिलेलं त्याआधीचं काही माझ्या वाचनात नाही. फुल्यांच्या डोळ्यांसमोर शेतकऱ्याचं मूल होतं आणि त्या मुलापर्यंत प्रत्यक्षात काय पोचतं, एवढाच त्यांचा निकष होता.

विसाव्या शतकात इयत्तेची ही चौकट सैल करू पाहणारे बरेच झाले, आणि त्यांतले पुष्कळ आपल्या आसपासचे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, पुढे १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर काम नेलं. तिथे अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. कोठारी आयोगाने (१९६४–६६) पहिली आणि दुसरीला एकच सलग, इयत्ता नसलेला घटक मानावं असं सुचवलं. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक कोल्हापूर भागातले. पुण्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनमधून चित्रा नाईक यांनी १९७९ पासून पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत दिवसा काम करणाऱ्या मुलांसाठी संध्याकाळचे वर्ग चालवले. आंध्रातल्या ऋषी व्हॅलीने अभ्यासक्रमाची छोटी छोटी कार्डं करून त्यांची शिडी बांधली. मूल ज्या पायरीवर आहे तिथलं कार्ड उचलतं. म्हैसूरजवळच्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यातली ‘नली कली’ आणि तमिळनाडूचं कृतियुक्त शिक्षण या शिडीतूनच निघालं. या सगळ्यांकडे अनुभव होता, निष्ठा होती. साधी सरकारी शाळा तिच्या साध्या शिक्षकांनिशी हे करू शकते का आणि केलं तर मुलाला किती फायदा होतो, याचा ताळा मांडलेला नव्हता. तो मुंबईत मांडला गेला.

१९९४ मध्ये युनिसेफ आणि मुंबई महापालिका यांच्या साह्याने ‘प्रथम’ ही संस्था उभी राहिली. तिच्या संस्थापकांपैकी माधव चव्हाण रसायनशास्त्राचे प्राध्यापक, माटुंग्याच्या युडीसीटीत शिकवणारे. फरीदा लांबे निर्मला निकेतनमधून समाजकार्यात आलेल्या. वस्त्यांमधल्या बालवाड्यांपासून काम सुरू झालं. मग लक्षात आलं की पालिकेच्या शाळांत तिसरी-चौथीला पोचलेल्या कितीतरी मुलांना अक्षरांची ओळखसुद्धा पक्की नाही. त्यांच्यासाठी ‘बालसखी’ आली. वस्तीतलीच शिकलेली मुलगी, सुमारे दोन आठवड्यांचं प्रशिक्षण, महिना ५०० ते ७५० रुपये मानधन. शाळेच्या चारएक तासांपैकी दोन तास ती मागे पडलेली पंधरा-वीस मुलं वर्गाबाहेर घेई: जिन्याखाली, व्हरांड्यात, जागा मिळेल तिथे. शिकवणं पहिली-दुसरीचं. मुलं तिला ताई म्हणत, कारण ती त्यांच्याच गल्लीतली ताई असे.

२००१ पासून अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडन यांनी मुंबईचा एल वॉर्ड, म्हणजे कुर्ल्याचा परिसर, आणि बडोदा इथे या कामाची तपासणी केली. कोणत्या शाळेत तिसरीला बालसखी मिळेल आणि कोणत्या शाळेत चौथीला, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं गेलं. त्यामुळे मिळालेली आणि न मिळालेली मुलं यांची तुलना खरी तुलना झाली. २००७ मध्ये निबंध छापून आला. पहिल्या वर्षी मुलांचे गुण ०.१४ प्रमाण विचलनाने (मुलामुलांच्या गुणांतला फरक मोजण्याचं हे माप) वाढले, दुसऱ्या वर्षी ०.२८ ने. आकड्यांच्या पोटातली गोष्ट अशी: फायदा झाला तो बालसखीकडे गेलेल्या, तळाच्या मुलांना. ही मुलं बाहेर गेल्यामुळे मूळ वर्गाची पटसंख्या घटली होती, तरी वर्गात उरलेल्यांना त्याचा काही लाभ झाला नाही. पटसंख्या कमी केली की शिकणं सुधारतं हा आपला आवडता समज तिथे अडखळला. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात कमाई बरीच ओसरून ०.१० च्या आसपास आली, हेही निबंधात नोंदवलं आहे. कौतुक करणारे ते सहसा सांगत नाहीत. मला ते सांगणं गरजेचं वाटतं, कारण दोन तासांचा आधार काढून घेतल्यावर मूल परत त्याच वर्गात, त्याच पुढे पळणाऱ्या पुस्तकासमोर बसत होतं.

या कामातून एक कागद जन्माला आला, आणि पुढचा इतिहास बराचसा त्या कागदाचा आहे. त्यावर थोडी अक्षरं, काही सोपे शब्द, पहिलीच्या तोडीचा चार वाक्यांचा परिच्छेद आणि दुसरीच्या तोडीची एक छोटी गोष्ट असते. आधी मुलासमोर परिच्छेद ठेवायचा. तो आला तर गोष्ट. नाही आला तर शब्द, तेही अडले तर अक्षरं. घड्याळ लावायचं नाही, गुण द्यायचे नाहीत. मूल जिथे निवांत वाचतं ती त्याची पातळी. काही मिनिटांचं काम. उत्तर प्रदेशातल्या जौनपूरमध्ये गावकरी स्वतःच हा कागद घेऊन आपल्या गावातल्या मुलांची यादी करत. पालकांपैकी ज्यांना स्वतःला वाचता येत नाही, त्यांनाही मूल अडखळतंय की सरसर वाचतंय हे समोर बसून कळत होतं. शाळेचं प्रगतिपुस्तक त्यांना हे कधी सांगू शकलं नव्हतं.

२००४ मध्ये केंद्र सरकारने प्राथमिक शिक्षणासाठी दोन टक्के उपकर बसवला. पुढच्या वर्षीच्या अर्थसंकल्पी भाषणात पी. चिदंबरम यांनी खर्च झाला म्हणजे फळ मिळालं असं नव्हे, अशी जाणीव करून दिली. मग फळ मोजायचं कुणी? २००५ मध्ये हाच कागद घेऊन स्वयंसेवक देशभरातल्या ग्रामीण जिल्ह्यांत घरोघरी गेले. ‘असर’ अहवालाची ती सुरुवात. शाळेत जाऊन मोजण्याऐवजी घरी जाण्याचं कारण साधं आहे: हजर-गैरहजर, सरकारी-खासगी, शाळेत जाणारं-न जाणारं, प्रत्येक मूल घरी सापडतं. पुढची वीस वर्षं त्या अहवालाने साधारण एकच बातमी सांगितली: ग्रामीण भारतात पाचवीतल्या निम्म्याच्या आसपास मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही. या आकड्यावर वाद झाले, राज्य सरकारं रागावली, तज्ज्ञांनी पद्धतीच्या त्रुटी दाखवल्या. पण मुलं शाळेत आली म्हणजे शिकली असं म्हणून कुणाला आता सुटता येत नव्हतं.

माहिती दिली की लोक हालचाल करतील, ही आशाही तपासली गेली. २००५–०६ मध्ये जौनपूरच्या २८० गावांत हा प्रयोग झाला. काही गावांत सभा घेऊन ग्राम शिक्षण समितीचे अधिकार समजावले. समितीच्या कित्येक सदस्यांना आपण सदस्य आहोत हेच ठाऊक नव्हतं. काही गावांत त्याबरोबर मुलांची पातळी तपासण्याची साधनं दिली. आणि काही गावांत, या दोन्हींबरोबर, गावातल्या तरुण स्वयंसेवकांना वाचन शिकवण्याची रीत दाखवली. पहिल्या दोन गटांत मुलांच्या शिकण्यावर काहीच परिणाम नाही. तिसऱ्या गटात वर्गांना सगळी मिळून ८ टक्के मुलंच आली, पण जी आली ती झपाट्याने वाचू लागली. या निबंधाच्या लेखकांत बॅनर्जी आणि डफ्लो यांच्याबरोबर ‘प्रथम’च्या रुक्मिणी बॅनर्जीही होत्या. शिकवण्याची रीत चालते हे पुन्हा सिद्ध झालं. शाळा मात्र जागची हलली नव्हती.

आता बिहारच्या कोड्याकडे येता येतं. उन्हाळी वर्गात शिक्षकांना एकच काम होतं आणि पुस्तक संपवायचं नव्हतं. शाळा सुरू झाल्यावर तोच माणूस पोर्शनच्या ताब्यात जातो. मुख्याध्यापक विचारणार पाठ कितवा चालू आहे, वरून येणारा अधिकारी विचारणार पाठ्यक्रम कुठवर आला. चौथीच्या वर्गात बसून बाराखडी घेणारा शिक्षक कामचुकार दिसतो. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २४ या दृष्टीने वाचण्यासारखं आहे. शिक्षकाने ठरलेल्या मुदतीत संपूर्ण अभ्यासक्रम पूर्ण करावा, असं एक उपकलम सांगतं. लगेच पुढचं उपकलम सांगतं की प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवावं. दोन्ही कर्तव्यं एकाच माणसाची, एकाच घंटेत. पहिल्याचा हिशेब मागितला जातो, दुसऱ्याचा मागितला जात नाही. मग शिक्षक कोणतं निवडणार?

हरियाणात याचं उत्तर सापडलं. २०१२–१३ मध्ये महेंद्रगड आणि कुरुक्षेत्र जिल्ह्यांतल्या ४०० शाळांत दोन गोष्टी शेजारी शेजारी तपासल्या गेल्या. एक, सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन: तक्ते, नोंदी, वर्णनात्मक शेरे. आपल्या राज्यातल्या शिक्षकांना आकारिक आणि संकलित नोंदींची ती पानं चांगलीच आठवत असतील. दुसरी, शाळेच्या वेळात एक तास वाढवून त्या तासात तिसरी ते पाचवीची मुलं इयत्ता मोडून पातळीप्रमाणे बसवणं. मूल्यमापनाच्या योजनेचा मुलांच्या शिकण्यावर काहीच परिणाम आढळला नाही. पातळीच्या तासाने हिंदी वाचन ०.१५ प्रमाण विचलनाने वाढलं. गणितावर तिथे भर नव्हता आणि ते वाढलंही नाही.

पण त्या तासाच्या मागे काय उभं केलं होतं ते पाहायला हवं. शाळांवर देखरेख करणाऱ्या गट-समन्वयकांना आधी चार दिवस प्रशिक्षण दिलं. मग त्यांना थेट शाळेत पाठवलं, आणि त्यांनी स्वतः पंधरा-वीस दिवस मुलांना या पद्धतीने शिकवलं. त्यानंतर त्यांनी शिक्षकांना शिकवलं, आणि शाळेत आले ते आपण स्वतः केलेल्या कामावर बोलायला. तासाला सरकारी हुकूम होता. वेळापत्रकात जागा होती. तासभर पाठ्यपुस्तक बंद ठेवलं म्हणून शिक्षकाला कुणी जाब विचारणार नव्हतं. बिहारच्या शाळांना साहित्य मिळालं होतं, प्रशिक्षण मिळालं होतं. ही मोकळीक मिळाली नव्हती. माझ्या मते अध्यापनावरच्या या सगळ्या संशोधनाचा सांधा इथे आहे. शिक्षकाला शिकवता येत नाही, या गृहीतकावर आपण वर्षानुवर्षं प्रशिक्षणं घेत आलो. शिक्षकाला शिकवता येत होतं; त्याच्यावरच्या माणसाने त्याला तास मोकळा करून द्यायला हवा होता, आणि त्या तासात काय करायचं हे त्या वरच्या माणसाला स्वतःच्या हाताने माहीत असायला हवं होतं. फुल्यांनी मागितलेला दिपोटी जवळपास हाच आहे.

जिथे शाळेला आतून बदलणं शक्य नव्हतं, तिथे उत्तर प्रदेशच्या सीतापूर आणि उन्नाव जिल्ह्यांत २०१३–१४ मध्ये वेगळा मार्ग घेतला. ‘प्रथम’चे लोक शाळेच्याच वेळात दहा किंवा वीस दिवसांची शिबिरं घेत आणि निघून जात, वर्षभरात मिळून पन्नासेक दिवस. परिणाम ०.६ ते ०.७ प्रमाण विचलन. शिक्षण-संशोधनात इतका मोठा आकडा क्वचित दिसतो. शाळेच्या वर्षातले हे पन्नासच दिवस, आणि पातळी गाठायला ते पुरले.

महाराष्ट्राने या इतिहासात आपली वेगळी वाट काढली. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी शिक्षकांना बरोबर घेऊन शाळा बदलल्या. जमिनीवर रंगवलेले तक्ते, खडे, काड्या, आणि प्रत्येक मूल शिकलंच पाहिजे हा धरलेला हट्ट. राज्यभरातले शिक्षक तिथे बसने, जीपने येऊन पाहून गेले. हुकमाने न होणारी गोष्ट शेजारच्या तालुक्यातल्या आपल्यासारख्याच शिक्षकाला करताना पाहून झाली. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झालं, पुढे अध्ययन स्तर निश्चिती आली, आणि दुसरी ते आठवीच्या मुलांची अक्षर, शब्द, वाक्य, उतारा अशी पातळी सरकारी शाळांनी स्वतःच तपासली. २०१४ ते २०१८ या काळात राज्यातल्या सरकारी शाळांमधल्या मुलांचं वाचन सुधारल्याचं असरच्या अहवालांतूनही दिसलं. मात्र एक धोका तेव्हाच दिसू लागला होता. पातळी पाहायची ती उद्या सकाळी कुणाला काय शिकवायचं हे ठरवण्यासाठी. ती वरच्या कार्यालयाला पाठवायची माहिती झाली की शिक्षक मुलाकडे पाहायचं सोडून रकान्याकडे पाहू लागतो, आणि रकाना नेहमी चांगलाच भरतो. १८६२ च्या निरीक्षकाने इंग्लंडच्या शाळांत जे केलं, ते मोबाइलवर करायला वेळ लागत नाही.

कागद एव्हाना देशाबाहेर गेला होता. पाकिस्तानात असर त्याच नावाने सुरू झालं. केनिया, टांझानिया, युगांडात ‘उवेझो’, सेनेगलमध्ये ‘जांगांडू’, मेक्सिकोत ‘मिया’. झांबियाच्या सरकारने ‘कॅच अप’ नावाने पातळीचा तास आपल्या शाळांत आणला. २०१९ मध्ये बॅनर्जी, डफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना नोबेल मिळालं, तेव्हा कुर्ल्यातल्या बालसखींचं काम त्यांच्या कामाच्या पहिल्या उदाहरणांत मोजलं गेलं. ५ जुलै २०२१ ला ‘निपुण भारत’ जाहीर झालं आणि तिसरीअखेर प्रत्येक मुलाला वाचता यावं हे देशाचं अधिकृत ध्येय बनलं.

हा मागोवा इथे थांबवता आला असता, पण फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये एक निबंध आला आणि त्याने पातळी म्हणजे काय, हाच प्रश्न पुन्हा उघडला. बॅनर्जी, डफ्लो, मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ स्पेल्के आणि त्यांचे सहकारी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत भाजी आणि किरकोळ माल विकणाऱ्या मुलांकडे गिऱ्हाईक बनून गेले. अडनिड्या वजनांची खरेदी, दोन जिनसांची बेरीज, नोटेतून परत द्यायचे पैसे: मुलं हे सगळं मनातल्या मनात, पटापट आणि बिनचूक करत होती. त्याच मुलांना शाळेत शिकवतात तशी उभी वजाबाकी किंवा भागाकार कागदावर घातला की बहुतेकांची गाडी अडत होती. उलट, शाळेत कागदावर बरी गणितं सोडवणाऱ्या मुलांना बाजारातला हिशेब जमत नव्हता. ब्राझीलच्या रेसिफे शहरात पाच मुलांबरोबर असंच दिसून आलं होतं. १९८५ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात रस्त्यावरच्या हिशेबात ९८ टक्के उत्तरं बरोबर होती, तर कोऱ्या आकडेमोडीत ३७ टक्के. तेव्हा मुलं मूठभर म्हणून बाजूला ठेवता आलं. या वेळी मुलांची संख्या हजाराच्या वर होती.

म्हणजे ज्या कागदाने वीस वर्षं शाळांना खरं बोलायला लावलं, त्या कागदालाही काही दिसत नव्हतं. हातच्याची वजाबाकी न आलेली मुलगी असरच्या नोंदीत संख्या ओळखण्याच्या पायरीवर राहते. तीच मुलगी दुपारनंतर आईच्या टोपलीमागे बसून सव्वा किलोचा आणि अर्ध्या डझनाचा हिशेब एका दमात सांगते. सव्वा, दीड, पाऊण हे सगळं पावकी, निमकी, पाऊणकी यांच्या पाढ्यांतून पंतोजी शिकवत असे, कारण शाळेबाहेर पडल्यावर मुलाला ते पेठेत वापरायचं होतं. पुढे दशमान पद्धत आली, पुस्तकं बदलली, ते पाढे मागे पडले. बाजारात मात्र पाव आणि पाऊण आजही रोजचे आहेत. संशोधकांनी पुढचं काम हाती घेतलं आहे ते या दोन गणितांना जोडणाऱ्या खेळांचं आणि अभ्यासक्रमाचं. आपल्याकडे भाजीमंडईजवळच्या, ऊसतोडणीच्या तळावरच्या, वीटभट्टीलगतच्या शाळांत अशी मुलं रोज येतात. त्यांची पातळी तपासताना कागदावरच्या वजाबाकीच्या आधी एकदा तोंडी हिशेब विचारून पाहायचा, आणि जे येतं तिथूनच उभ्या मांडणीकडे न्यायचं, हे करून बघायला एकाही नव्या शासन निर्णयाची गरज नाही. मुख्याध्यापकांनी वेळापत्रकात तो तास धरला पाहिजे, आणि निदान पहिले पंधरा दिवस केंद्रप्रमुखांनी खडू स्वतःच्या हातात घेतला पाहिजे.